वळवलेले फोन

आमच्या ह्यांचं काम इंटरनेटच्या वायरींचं. एका लहान कंपनीत होते. रस्ता खोदताना कुठं वायर तुटली की ऑफिसातलं मशीन आपोआप दुसरी वाट काढतं आणि नेट तिकडून धाडतं, असं ते सांगायचे. जी वाट जलद, ती मशीन धरून ठेवतं. पुढं तुटलेली वायर जोडली जाते, नाहीतर नव्या वाटेवर गर्दी होते, तरी मशीन तीच वाट धरून बसतं. म्हणून दर महिन्याला हे एकेक वाट तपासायचे, अजून हीच बरी आहे का. मी भाकरी थापत ऐकायची. चौथी शिकलेल्या बाईला हे कोण सांगतं? ते सांगायचे.

आमचं घर गुलमंडीच्या मागं, बोळात, खालच्या मजल्यावर. आत रेंज नव्हती. बाहेर उभं राहून बोलायची मला लाज. म्हणून ह्यांनी माझ्या फोनवर येणारे सगळे फोन स्वतःच्या फोनवर वळवले. वेरूळहून धाकटी बहीण मला फोन करायची, तो ह्यांना लागायचा. संध्याकाळी निरोप मिळायचा, वर चिडवणं: "तुझ्या बहिणीनं माझ्याशीच गप्पा मारल्या. तुला विचारलंच नाय." महिन्यातून एकदा तेही तपासायचे. वळवलेलं काढायचे आणि बोळाच्या तोंडाशी जाऊन मला फोन लावायचे. मी ओट्यापाशी फोन धरून बसायची. वाजायचा नाही. मग येऊन पुन्हा वळवून ठेवायचे.

हे अचानक गेले. त्यांचा फोन मी बंद करून कपाटात त्यांच्या शर्टांवर ठेवला. तेराव्याला निघताना बहीण म्हणाली, "अक्का, फोन करते." पुढं माझा फोन वाजलाच नाही. मूलबाळ नाही. मला फोन करणारं होतं तरी कोण?

उन्हाळ्यात शहागंजला भाजी घेताना वेरूळची एक ओळखीची बाई भेटली. "भाचीच्या लग्नात दिसला नाहीत?" म्हणाली. तिनंच सांगितलं, बघायला आले, पसंत पडली आणि साखरपुड्यातच लग्न उरकलं. पत्रिकाही छापल्या नव्हत्या. त्या पोरीला हळद मीच लावणार, असं ती लहान असल्यापासून ठरलेलं. विधवेचा हात नको, म्हणून बोलावलं नसेल. घरी येऊन गवार निवडली, पण शिजवली नाही. फोन करून विचारावं असं रोज वाटायचं. पण ती हो म्हणाली तर?

मग एकदा ह्यांच्या ऑफिसातले एक जण त्यांची राहिलेली डब्याची पिशवी द्यायला आले. दारातूनच म्हणाले, "वहिनी, फोन तरी चालू ठेवा. बोळात शिरल्यापासून लावतोय."

"चालूच आहे," मी फोन पुढं केला. त्यांनी बघितलं. रेंज भरपूर होती. हे गेल्यावर शेजारच्या गच्चीवर टॉवर बसला होता, माझंच लक्ष नव्हतं. ते खाली बसले.

"तुमचे सगळे फोन अजून दादांकडंच जातात," ते म्हणाले. "आणि आम्हाला ओरडायचे, वळवलेलं तपासत जा रे, तपासत जा."

त्यांनी ते काढून टाकलं. ते गेल्यावर मला किती हलकं वाटलं! म्हणजे बहिणीनं बोलावलं असणार. मी लगेच फोन केला.

"आली व्हय आठवण!" ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. "लग्नाच्या वेळी तू लावला असशील ना? बंद लागला असेल."

"लावला होता."

"लई वेळा लावला असशील."

तिच्या मागं कुकरची शिट्टी झाली.

"एकदाच, अक्का. बंद लागला. सासूबाई म्हणाल्या, बरंच झालं, हळदीचा प्रश्न सुटला. मी पुन्हा लावला नाय."

ती रडायला लागली. हे असते तर तो एक फोन मला मिळाला असता, असं मनात आलं. मग कळलं, हे असते तर माझ्या हाताची अडचणच नव्हती. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. तिचाच. मी वाजू दिला. थांबला, पुन्हा वाजला. पुन्हा थांबला, पुन्हा वाजला. तेव्हा उचलला.