गाईला संध्याकाळचं दिसायला लागलं

चौथीपर्यंतच शिकले. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, अक्षरही वाकडं आहे. ही वही कुणी उघडलीच तर माफी असावी.

दुष्काळाच्या सालचा उन्हाळा. पाटणजवळच्या आमच्या डोंगरावर हिरवी काडी उरली नव्हती. गाय दिवसभर वाळकं गवत खायची आणि दिवस मावळल्यावर परतताना खड्ड्यात पाय घालायची, गोठ्याच्या खांबाला धडकायची. सासरे म्हणाले, हिला खोड लागली, गाभण आहे तोवर कराडच्या बाजारात विकून टाकू.

मला ते धडकणं ओळखीचं होतं. लहानपणी मलाही सांज झाली की दिसायचं नाही. आईनं शेवग्याचा पाला खाऊ घालून बरं केलं होतं. आता शेवगाही वाळलेला. मालक पलटणीत, आणि सासऱ्यांशी मी कधी दोन शब्द बोलले नव्हते. दोन दिवस धीर गोळा केला. दाराआडून म्हटलं, "मामंजी, तिला सांजचं दिसत न्हाई. डॉक्टरला दाखवूया."

त्यांनी पुढच्या बाजारापर्यंत मुदत दिली.

शेजारची, गावोगाव बांगड्या विकणारी मणेरीण चाची माझ्याबरोबर जनावरांच्या दवाखान्यात आली. मी पुटपुटायची, ती तेच मोठ्यानं डॉक्टरांना सांगायची. डॉक्टर म्हणाले, वाळक्या गवतात अ जीवनसत्त्व राहत नाही, अशानं वासरू आंधळं जन्मू शकतं. त्यांनी माशाच्या तेलाची बाटली लिहून दिली. सात रुपये चाचीनं आपल्या धंद्याच्या पैशातून घातले.

आमचं घर माळकरी. चोरून पाजावं असं मनात आलं, पण तो वास लपणारा नव्हता. सांगून टाकलं. सासऱ्यांनी गाईच्या गळ्याला हात लावला.

"तिच्या गळ्यात घंटा हाय, तुळशीची माळ न्हाई," ते म्हणाले. "पाज. पण बाटली उंबऱ्याच्या आत नको."

बाटली गोठ्याच्या कोनाड्यात राहिली. तेल पाजलं की मी राखेनं हात घासून मगच चुलीपाशी जायची. बाजाराच्या आदल्या दिवशी सांजेला सासऱ्यांनी गाईच्या वाटेत मुद्दाम बादली ठेवली. गाय थांबली आणि बादलीला वळसा घालून दावणीला गेली. सासऱ्यांनी बादली उचलली. बाजाराचं नाव पुन्हा निघालं नाही.

पावसाळ्यात कालवड झाली. मी हात हलवला तशी तिनं मान वळवून माझ्या बांगड्यांकडं बघितलं. मला रडूच आलं.

दूध विकून दर आठवड्याला एक रुपया चाचीला देत गेले. सातवा दिला तेव्हा तिनं तो कपाळाला लावला आणि म्हणाली, "फिटलं गं सगळं."