दहा-आठवर थांबलेला खेळ

शकू गेल्याचं तिच्या मुलानं, विजयनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी तुम्हा दोघा नातवंडांवर चिडलेली होते. आदल्याच दिवशी तुम्ही तिकडून कुरकुरत होतात. पिकलबॉल, तो नवा रॅकेटचा खेळ, शिकायचाय, पण घराजवळ कोर्ट एकच, तिथं ताटकळत बसावं लागतं, शिकवणारा फक्त शनिवारी येतो. मी म्हटलं, "एक तरी आहे ना?" आणि फोन ठेवून दिला. आजीनं असं वागू नये. पण त्या एका वाक्यात पन्नास वर्षांची चिडचिड होती, आणि ती नेमकी कोणावर आहे हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. आता तीन आठवडे झालेत. शांतपणे, क्रमानं लिहायचा प्रयत्न करते.

शकुंतला आणि मी रिसोडला मुलींच्या शाळेत शिकवत होतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट, मोठा दुष्काळ सरल्यानंतरची. मी लग्न होऊन अमरावतीहून आलेली, इंग्रजी शिकवायची. ती रिठदची, गणित शिकवायची. तिच्या वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला आणि मुलीला शिकवायचंच असं ठरवलं. शाळेच्या कपाटात बॅडमिंटनच्या चार रॅकेट, एक जाळी आणि फुलांचा, म्हणजे शटलकॉकचा, डबा कुठल्याशा योजनेतून येऊन पडला होता. कोणी हात लावत नव्हतं. कॉलेजात मी थोडंफार खेळले होते, हे मी एकदा सहज बोलून गेले. शकूनं त्याच दिवशी कपाट उघडलं. "हे काय शोभेले ठेवलं का? शिकव मले."

शिकवायला मी बसले ती नियमांचं पुस्तक घेऊन. हा माझा स्वभाव. रॅकेट ती विळ्यासारखी धरायची. मी सांगायची, हात मिळवतो तशी धर. सर्व्हिस कमरेच्या खालून. स्वतःचे गुण सम असले की उजव्या चौकोनातून, विषम असले की डाव्या, आणि समोरच्यानं तिरकं उभं राहायचं. "गनित मी शिकवतो, अन् तू मले सम-विषम सांगून राह्यली," ती म्हणायची. पण तिनंच वर्गातल्या फूटपट्टीनं मोजून चव्वेचाळीस फूट सुतळी कापली आणि कोर्टाच्या प्रत्येक रेघेच्या जागी गाठ मारली. सुतळी पसरली की कोर्ट तयार. पसरायला जागा तेवढी हवी होती.

तीच मिळेना. शाळेच्या मैदानाला कुंपण नव्हतं, बाजूनं रस्ता. चौथ्या दिवशी मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं : पदर खोचून उड्या मारता, पालक विचारतात. बाजाराच्या गोदामामागे गेलो तर तिथं दिवसभर पोती उतरत, आणि वाऱ्यानं फूल भलतीकडेच जाई. मग एका वकिलांच्या घरामागचं अंगण मी हेरलं. चारही बाजूंनी भिंत, वारा नाही, जमीन सपाट. वकिलीणबाई माझ्याशी गोड बोलल्या. "तुम्ही या हो खुशाल. त्या बाई मात्र... आमच्या सासूबाई आहेत घरात." मी काय बोलायला हवं होतं ते मला आज पाठ आहे. तेव्हा मी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि उठले. शकूला सांगितलं, तिथं वारा फार आहे.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "चार भिंतीत वारा? बरं." एवढंच. सुतळी गुंडाळून पिशवीत टाकली. त्यानंतर दोन महिने तिनं जागेचा विषय काढला नाही, आणि मीही नाही.

मग एका रविवारी तीच म्हणाली, "रिठदले चाल. दादाचं खळं हाय. तिथं कोनाच्या सासूबाई नाई." सासूबाईंचं मी तिला सांगितलंच नव्हतं; तिला ते आधीच कळलेलं होतं. ज्वारीची मळणी झालेली, खळं शेणमातीनं सारवून, चोपून टणक केलेलं. मी चप्पल काढून त्यावर पाय ठेवला आणि वाटलं, इतके दिवस आपण वेड्यासारख्या कुठं हिंडत होतो. खळ्याच्या मागच्या कोपऱ्यात ज्वारीची रास होती, दुपारी मजूर येऊन पोती भरणार होते. तिचे भाऊ, दामूदादा, गाडी सांगायला गेलेले. शकू आईकडे भाकरी आणायला गेली तेवढ्यात मी सुतळी अंथरली. पण रेघा हव्यात, नाहीतर फूल आत की बाहेर यावरून वाद होतात. चुना नव्हता. चुलीतली राख डब्यात भरून आणली आणि सरळ, सुबक रेघा ओढल्या. मागची रेघ राशीला अडत होती, म्हणून तेवढी राशीच्या पलीकडून वळसा घालून नेली.

शकू परत आली, हातातली भाकरी तशीच धरून पाहत उभी राहिली. तिला रास दिसली नाही, राख दिसली नाही. इतके महिने वाट पाहिलेलं कोर्ट तेवढं दिसलं.

खेळलो. अकराचा गेम लावला. ती धावत होती, हसत होती, मला शिव्या घालत होती. मजूर आले आणि कडेला बाभळीखाली बसले. आम्हाला वाटलं, खेळ बघताहेत. शकूनं एक फूल मारून त्यांना विचारलंसुद्धा, "पाहून राह्यले का, बाईले कशी पळवतो?" ती पुढं गेली. दहा-आठ. सर्व्हिस तिची. एक पॉइंट हवा होता.

तेवढ्यात दामूदादा आले. मागे भाड्याची गाडी, गाडीवान खोळंबलेला, आणि एकही पोतं भरलेलं नाही.

"बसून काहून राह्यले रे?"

"रास बांधली हाय ना," त्यातला म्हातारा म्हणाला. "राख कोन ओलांडन?"

राशीभोवती राखेची रेघ म्हणजे मालकाची मोहोर. मालकानं मोडेपर्यंत दाण्याला कोणी हात लावत नाही. शकूला हे लहानपणापासून माहीत होतं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. दामूदादा मला काही बोलले नाहीत, पाहुणी होते; सगळं तिला ऐकवलं. "मास्तरीन झाली, पन खळं इसरली." गाडीवान रिकामी गाडी घेऊन गेला. दादांनी पायानं रेघ पुसली, आणि मजूर कोर्टाच्या मधोमध पोती घेऊन बसले. आठवड्यानं खळं नांगरलं. उन्हाळ्यात तुमच्या आजोबांची बदली झाली आणि आम्ही रिसोड सोडलं.

पुढं दर दिवाळीला तिचं पत्र यायचं. कोपऱ्यात कायम लिहिलेलं असे : १०-८, सर्व्हिस माझी. निवृत्तीनंतर तिनं रिसोडच्या कडेला घर बांधलं, तेव्हा लिहिलं, "आता जागा हाय. एकदा अंगन पाहून जाय." मी समजले, फुलझाडं लावली असतील. गुडघ्यांचं कारण लिहिलं, पुढच्या उन्हाळ्यात येते म्हटलं. असे किती उन्हाळे... मोजायची सवय असूनही मी ते मोजले नाहीत.

गेल्या आठवड्यात गेले. अंगणात झाड एकही नव्हतं. सारवलेली टणक जमीन, आणि मध्ये समोरासमोर गाडलेले दोन लोखंडी खांब. त्यांना दुहेरी बांधलेल्या सुतळीवर कपडे वाळत होते. "आईनं इथं खोली काढू देली नाई," विजय म्हणाला. "किती वेळा म्हनलं. म्हने, मावशी येऊ दे आधी."

सुतळीला तिनं मारलेल्या त्याच गाठी होत्या. मी कपडे उतरवले, सुतळी सोडली आणि अंथरली. विजय दुसरं टोक धरून उभा राहिला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, गाठीला गाठ, चव्वेचाळीस फूट बसले.

दहा म्हणजे सम. सर्व्हिस तिच्या उजवीकडून. मी चप्पल काढली आणि समोर तिरकं, माझ्या उजव्या चौकोनात जाऊन उभी राहिले.