तिसरा अर्ज

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र अजून लख्ख आठवते. मी तेव्हा मिडलँड्समध्ये, फसवणुकीचे गुन्हे तपासणाऱ्या पथकात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

एका सोमवारी सकाळी साठी ओलांडलेली एक इंग्रज बाई स्टेशनच्या काउंटरवर आली. नाक कधीतरी मोडून वाकडं बसलेलं. एका ओलसर गॅरेजमध्ये ती मुलामुलींचा बॉक्सिंग क्लब चालवायची. तिथल्या छोट्या कौन्सिलला बंद पडलेली लायब्ररी भाडेपट्ट्यानं द्यायची होती. अर्ज दोन होते : एक तिच्या क्लबचा, दुसरा भारतीय ज्येष्ठांना दिवसभर एकत्र बसता येईल अशा डे सेंटरचा. कौन्सिलनं तीन निकष ठरवले होते. दुरुस्तीला किती वेळ लागेल, दिवसात किती तास वापर होईल आणि शेजाऱ्यांना त्रास किती होईल. छप्पर गळत असल्यानं दुरुस्तीच्या वेळेला बाकी दोन्ही निकषांच्या बेरजेपेक्षा जास्त वजन होतं.

तिनं दोन कागद माझ्यापुढे ठेवले.

"हा कच्चा निकाल. यात आम्ही पहिले. हा शेवटचा. यात आम्ही दुसरे. मधल्या काळात आमच्या अर्जातला एक शब्द बदललेला नाही, त्यांच्याही नाही. वजनंही तीच. फक्त एक तिसरा अर्ज आला आणि तो शेवटच्या क्रमांकावर गेला. शेवटी आलेल्यामुळे पहिला दुसरा कसा होतो, ऑफिसर?"

तक्रार घेऊन येणारी माणसं बहुधा आवाज चढवतात. ही बाई शांत होती आणि तिनं पेन्सिलीनं ओळी अधोरेखित करून आणल्या होत्या. अशा माणसाचं म्हणणं मी सहसा खोटं धरत नाही.

कौन्सिलचं उत्तर आलं की पद्धत गणिती आहे आणि नियम सर्वांना सारखेच लावले आहेत. ते खरंच होतं. मग मी केंब्रिजला गेलो. तिथं पुण्याची एक संशोधक अशा क्रमवारीच्याच पद्धतींवर काम करत होती. मी मराठी आहे हे कळल्यावर तिनं मला लगेच काका करून टाकलं.

"बघा काका, या मेथडमध्ये प्रत्येक निकषात सगळ्यात चांगल्याला शंभर, सगळ्यात वाईटाला शून्य. बाकीचे मधे. क्लबला दुरुस्तीसाठी सहा महिने हवेत, डे सेंटरला अठरा. दोघंच असताना क्लबला शंभर, सेंटरला शून्य. आता तिसरा आला आणि म्हणाला, मला दहा वर्षं लागतील. मग शून्य कोणाला?"

"तिसऱ्याला."

"करेक्ट. आणि सेंटर शून्यावरून एकदम नव्वदच्या आसपास. दहा वर्षांपुढे सहा महिने काय नि अठरा काय! बाकीच्या दोन निकषांत सेंटर पुढे होतंच. क्रम उलटला."

"म्हणजे हिशेबात चूक नाही?"

"नाही. हा मेथडचा जुना दोष आहे, आमच्या फील्डमध्ये सगळ्यांना माहीत असतो. पण हा तिसरा इतका अचूक जागी बसलाय ना, की मी तरी डाउट घेईन."

गणित मला जेमतेम कळलं. पण जिंकायला आलेला माणूस दहा वर्षं मागत नाही, एवढं माणसांबद्दल मला ठाऊक होतं.

तिसरा अर्ज जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या एका ट्रस्टच्या नावानं होता. मी त्या पत्त्यावर गेलो, तर तिथं बंद पडलेली लाँड्री. ट्रस्टची नोंद कुठेच नव्हती. अर्ज ज्या इंटरनेट जोडणीवरून पाठवला गेला तिचा पत्ता रीतसर मागवला. ते घर निघालं ही क्रमवारी तयार करणाऱ्या कौन्सिलच्याच अधिकाऱ्याचं. आडनाव मराठी. मी त्याच दिवशी माझ्या इन्स्पेक्टरला सांगितलं, की मीही मराठी आहे.

"ओळखतोस त्याला?"

"नाही."

"मग वॉरंट घे आणि जा."

आम्ही सकाळी दहाला पोचलो. दार त्यानंच उघडलं. चाळिशीचा, इथंच जन्मलेला माणूस. मी वॉरंट वाचून दाखवत होतो तोच पुढच्या खोलीतून आवाज आला, "कोण आलंय रे?"

"मी आहे, मावशी," माझ्या तोंडून निघून गेलं.

खुर्चीत त्याची आई बसली होती. तिनं माझी बाही धरली. "बसा ना. कुठले तुम्ही?"

"मूळचे साताऱ्याकडचे."

"अगोबाई, आमच्याच बाजूचे की!"

माझा सहकारी लॅपटॉप पिशवीत भरून सील करत होता आणि ती मला कोरेगावच्या बाजाराबद्दल सांगत होती. तीस वर्षं तिनं लेस्टरच्या होजिअरी कारखान्यात काम केलं होतं, तिथल्या बायकांशी इंग्रजीत भांडली होती. मग विस्मरणाचा आजार आला आणि नंतर शिकलेली भाषा आधी गेली. आम्ही निघालो तेव्हा ती म्हणाली, "आत्ता तर आलात."

माझी आई शेवटचं वर्ष केअर होममध्ये होती. तिथं मराठी कोणालाच येत नव्हतं. ती चूळ भरायला पाणी मागायची आणि नर्स प्रेमानं संत्र्याचा रस आणून द्यायची. मी रविवारी जायचो. बाकीचे सहा दिवस ती कोणाशी काय बोलत असेल, हा विचार मी करायचा टाळत असे. त्या दिवशी गाडीत तो टाळता आला नाही.

चौकशीत त्या अधिकाऱ्याशेजारी वकील होता. रेकॉर्डिंग सुरू झालं, हक्क वाचून दाखवले. अर्धा तास तो प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत राहिला : नो कॉमेंट. मी दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवले, बंद लाँड्रीचा फोटो ठेवला. उत्तर तेच. शेवटी मी विचारलं, "तुमची आई दिवसभर कोणाशी बोलते?"

वकिलानं हरकत घेतली. पण अधिकारी एकदम मोडक्या मराठीत म्हणाला, "कोणाशीच नाही. मी बोलतो, पण माझा मराठी तिला पुरत नाही, सर."

मला सांगावं लागलं, "इंग्रजीत बोला. रेकॉर्डिंग चालू आहे." नियमानं ते बरोबरच होतं. तरी ते वाक्य उच्चारताना मला स्वतःचाच राग आला होता.

मग त्यानं सगळं सांगितलं. डे सेंटरच्या लोकांना यातलं काही माहीत नव्हतं. "ज्या माणसाशी कोणी बोलत नाही, त्याच्यासाठी त्या तक्त्यात कॉलमच नव्हता. कॉलम मला वाढवता येत नव्हता. म्हणून अर्ज वाढवला."

"निकष वाढवा म्हणून कोणाला सांगितलंत?"

"नाही. स्वतःच्या आईसाठी मागतोय असं दिसलं असतं."

त्यानं कोर्टात गुन्हा कबूल केला. शिक्षा स्थगित झाली, नोकरी गेली. बनावट अर्ज काढून क्रमवारी पुन्हा लावली आणि लायब्ररी क्लबला मिळाली. ती बॉक्सिंगवाली बाई सुनावणीला आली होती. बाहेर बाकावर बसून ती म्हणाली, "सकाळी आमची पोरं शाळेत असतात. हॉल रिकामाच. त्यानं येऊन विचारलं असतं तर मी मंगळवार दिला असता."

पुढे तिनं तो खरंच दिला, डे सेंटरच्या लोकांना. पण तोवर त्या अधिकाऱ्याची आई गेली होती.

मागितलं असतं तर मिळालं असतं, अशी गोष्ट चोरणारी माणसं मी नोकरीत बरीच पाहिली. लोभी त्यांतली थोडीच. बाकीच्यांना मागायची लाज वाटते, आपली गरज चारचौघांत उघडी पडेल याची. या केसनं मला ते नीट दाखवलं. मीही आईच्या केअर होममध्ये कधी काही मागितलं नव्हतं. आठवड्यातून एक तास मराठी बोलणारं कोणी मिळेल का, एवढं साधं विचारता आलं असतं. पोलीस अधिकारी माणूस असल्या गोष्टी काय मागणार, असं मला वाटायचं.

निवृत्तीनंतर मी मंगळवारी क्लबच्या त्या हॉलमध्ये जातो. सांगायला म्हणून मदतीला जातो, खुर्च्या मांडतो. माझी बायको कार्डिफची, मुलं इंग्रजीतच वाढली. घरात मला सगळे प्रेमानं वागवतात. परवा रिंगच्या कडेला बसलेल्या एक आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय रे, तोंड का उतरलंय तुझं?" मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो. आई गेल्यापासून मला अरेतुरे करणारं कोणी उरलंच नव्हतं.