राणीसावरगावला ठेवून आलेलं पुस्तक

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात सेलूहून कमलवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले..." एवढंच बोलल्या आणि फोन शेजारणीच्या हातात दिला. त्यांचे यजमान, माझे दोस्त नागनाथअप्पा सकाळी अंघोळ करून आले, खुर्चीत बसले आणि बसल्या जागीच संपले. याला आता दीड महिना होतोय. या दिवसांत लिहायला बसलो की पहिल्या ओळीपुढं काही सरकत नव्हतं.

अप्पांची माझी ओळख झाली तेव्हा मी परभणीच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. एक दिवस उंच, हाडकुळा माणूस टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सर, दारू सोडलेल्या लोकांची जुनी पुस्तकं हायेत का? सहीवाली?" हेच अप्पा; सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. पंधरा वर्षं बेदम प्यायले आणि मग दारू सोडणाऱ्यांच्या एका गटात जाऊन सुटले. त्यांनीच मला समजावलं, की आपल्याकडं हे गट नवीन होते तेव्हा मराठीत वाचायला फार काही नव्हतं. कुणीतरी भाषांतर करायचं, छोट्या छापखान्यात पुस्तिका निघायची, आणि नव्या माणसाला ती देताना जुना माणूस पहिल्या पानावर सही करायचा; नवा सुटला की तोही त्याखाली आपली करायचा. आडनाव कुणी लिहायचं नाही. फक्त पहिलं नाव, गाव आणि शेवटचा घोट घेतल्याची तारीख. अप्पा ती पुस्तकं जमवत होते. रद्दीची दुकानं, मेलेल्या माणसांच्या ट्रंका, सगळीकडं फिरायचे. पुण्याच्या रद्दीतून आलेलं एक जाड इंग्रजी पुस्तकही त्यांच्याकडं होतं, आत कुणा जॉर्जची निळ्या शाईतली सही. त्यातलं अक्षरही अप्पांना वाचता यायचं नाही, पण त्या सहीवरून बोट फिरवताना मी त्यांना पाहिलंय. मी पुस्तकांच्या फाटक्या पाठी चिकटवून द्यायचो आणि ते समोर बसून एकेका सहीवाल्याची कहाणी सांगायचे. अशी आमची दोस्ती जमली.

त्यांना सगळ्यात जास्त हवी होती ती या भागातल्या पहिल्या गटाची पुस्तिका. पाच जणांच्या सह्या असलेली. कितीतरी वर्षं शोधल्यावर कळलं, की त्या पाचांतल्या शेवटच्या माणसाचं घर राणीसावरगावला आहे. आम्ही दोघं बसनं गेलो. माणूस वारला होता. त्याच्या बायकोनं, सत्तरीच्या म्हातारीनं, देवघरातून फडक्यात बांधलेली पुस्तिका आणली. पाचही सह्या शाबूत! अप्पा एकेका सहीवरून बोट फिरवत राहिले.

म्हातारीनं विचारलं, "नेऊन काय करणार बाबा?"

"जपून ठेवतो, मावशी. लय दिवस शोधायलोय मी."

"ने मग. पण ही तारीख हाय ना त्यांच्या नावाखाली... त्या दिवसापासून त्यांनी माझ्यावर हात उगारला न्हाई. मला वाचता येत न्हाई, पण ही तारीख वळखते मी."

अप्पांनी ती तारीख पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी पुस्तिका फडक्यात नीट गुंडाळली आणि म्हातारीच्या मांडीवर ठेवली. "तुमची हाय मावशी. तुमच्याकडंच राहू द्या." परतीच्या बसमध्ये गंगाखेड आलं, तसे अप्पा सावरून बसले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सर, मी बी कमलला मारायचो... दारू सोडली तर सगळं मिटलं, असं धरून चाललो."

पुढं काय झालं ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही. तेराव्यानंतर सेलूला गेलो तेव्हा कमलवहिनींनी सांगितलं.

"दुसऱ्या दिवशी कामावर गेलेच न्हाईत. माझ्यासमोर बसले अन् म्हणले, 'तुला जे जे आठवतंय ते सांग.' तीन दिवस, रोज दुपारी मी सांगत होते, भाऊजी. मधे एकदा बी तोंड उघडलं न्हाई त्यांनी. नुसतं ऐकलं. मग सोताचं पुस्तक आणून म्हणले, 'हितं माझी तारीख हाय. तुला ती खरी वाटंल तवा खाली सही कर.' मी म्हणलं, बघू."

"मग केली?"

"लगेच न्हाई. चार वर्षं गेली. त्यांनी बी परत कधी विचारलं न्हाई. ह्या दिवाळीला केली."

त्यांनी कपाटातून पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. नागनाथ, सेलू, आणि तारीख. त्याखाली पेन्सिलीनं, मोठ्या, वाकड्या अक्षरांत: कमल.

दर रविवारी सकाळी गटाची माणसं अजूनही अप्पांच्या घरी पुढच्या खोलीत जमतात. कपाट आता वहिनी उघडतात. कुणी नवा आला, सोबत बायको असली, तर तिला आधी चहा देतात, आणि मग ते पान काढून तिच्यापुढं धरतात.