तिसऱ्या मजल्यापर्यंतचं पाणी

पाणीपुरवठा खात्यात रुजू होऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते, तेवढ्यात साहेबांनी ते काम तिच्या गळ्यात मारलं.

"जुन्या भागाचा चावीवाला दोन महिन्यांनी रिटायर होतोय," साहेब म्हणाले. "त्या भागातल्या पाइपलाइनचा नकाशा आपल्याकडे नाही. होता, तो वाळवीनं खाल्ला. आता जे काही आहे ते त्या माणसाच्या डोक्यात. तो जायच्या आत सगळं कागदावर उतरवून घ्या."

तिनं इंजिनिअरिंग केलं होतं ते धरणं बांधायची स्वप्नं बघत. आणि आता पहाटे पाचला उठून एका म्हाताऱ्याच्या मागे वही घेऊन हिंडायचं! आईनं पहिल्याच दिवशी डबा भरता भरता विचारलं, "म्हणजे एवढं शिकून तू नळ सोडायला जाणार?" तिनं डबा उचलला आणि निघाली.

चावीवाल्याला सगळे चावीकाका म्हणत. काटकुळा माणूस, कान मोठे, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली आणि खांद्यावर छातीएवढी उंच लोखंडी चावी. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, चावी खाली व्हॉल्व्हवर बसवायची आणि दोन्ही हातांनी आटे फिरवायचे, की त्या गल्लीला पाणी सुटलं. असे सतरा चेंबर. चौतीस वर्षं हेच काम. स्वभाव तिखट. चेंबरवर कुणी गाडी लावली की काका त्या घराची बेल अशी दाबून धरत, की माणूस दाढीच्या फेसासकट धावत खाली येई.

"साडेसात आटे," ते सांगत. ती लिहून घेई.

"साडेसातच का?"

"आठ केले तर पुढचा जुना पाइप फुटतो. सात केले तर शाळेची टाकी भरत नाही."

हे तिला पटायचं. यात हिशोब होता, शास्त्र होतं. पण नऊ नंबरच्या चेंबरपाशी आलं की सगळं शास्त्र गुंडाळून ठेवल्यासारखं व्हायचं. काका नऊ नंबर उघडत आणि पुढे दहा आणि अकराकडे न जाता समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहत. घड्याळ लावून बारा मिनिटं. मग उठत आणि पुढच्या गल्ल्या उघडत.

"इथं का थांबायचं, काका?"

"सवय आहे."

आणि बसल्या बसल्या मान वर करून समोरच्या पिवळ्या इमारतीकडे बघत राहायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "ताई, त्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत काय वाळतंय हो? हल्ली डोळ्यांपुढे धुकं येतं माझ्या."

"चादरी."

"किती?"

"पाच. नाही, सहा."

"हं," काका म्हणाले.

तिला राग आला. लोकांच्या गॅलरीत डोकावायचं या वयात! तिनं वहीत लिहिलं, 'नऊ नंबर, बारा मिनिटं, कारण नाही.'

त्याच आठवड्यात कचेरीत एक निवृत्त मास्तर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात अर्ज. ते दहा नंबरच्या गल्लीत राहत. "आमच्याकडे पाणी रोज बारा मिनिटं उशिरा येतं. अकरा नाही, तेरा नाही, बारा. मी महिनाभर घड्याळ लावून बसलोय. त्या पिवळ्या इमारतीत तुमच्या माणसाचं कुणीतरी असणार. चौकशी करा."

तिच्या मनातलंच ते बोलले होते. दुसऱ्या दिवशी फेरी संपल्यावर काकांना न सांगता ती पिवळ्या इमारतीत शिरली. जिना अरुंद, पायऱ्या झिजून मधे खोलगट झालेल्या. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला दम लागला.

दार उघडलं ते पन्नाशीच्या एका बाईनं. हात कोपरापर्यंत ओले. आतून फिनेल आणि साबणाचा वास येत होता. खिडकीशी पलंग, पलंगावर तिचा नवरा. अर्धं अंग गेलेलं. त्यानं फक्त डोळे दाराकडे वळवले.

"पाण्याची पाहणी करतेय," ती म्हणाली. "तुमच्याकडे पाणी येतं का नीट?"

"येतं की. सकाळी बारा मिनिटं चांगलं येतं. तेवढ्यात दोन पिंपं भरून घेते. मग करंगळीएवढी धार, मग तीही बंद. ह्यांचं सगळं अंथरुणातच ना, रोज पाच-सहा चादरी धुवाव्या लागतात."

"तुम्ही चावीवाल्यांना ओळखता का?"

"कोण चावीवाले?"

"पाणी सोडतात ते."

"पाणी माणूस सोडतो होय?" बाईला खरंच आश्चर्य वाटलं. "मला वाटलं मशीन असेल. आधी नाही हो यायचं वरपर्यंत. खालून बादल्या आणायचे मी. चार वर्षांपूर्वी एकदम यायला लागलं, ह्यांना झालं त्यानंतर महिन्याभरात. म्हटलं, देवाला निदान एवढं तरी सुचलं."

उतरताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबली. कठड्याला धरून उभी राहिली. हिशोब तिला आता कळला होता. खालच्या दोन गल्ल्या बंद ठेवल्या की नऊ नंबरच्या पाइपात दाब चढतो आणि पाणी तिसऱ्या मजल्यावर पोचतं. पण ज्या बाईला चावीवाला नावाचा माणूस असतो हेच माहीत नाही, तिच्या घरात काय झालंय हे त्या माणसाला कळलं कसं?

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तिनं मास्तरांची तक्रार सांगितली आणि बारा मिनिटांचं विचारलं. काकांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

"तक्रार लेखी आहे का?"

"आहे. पण मी वर जाऊन आलेय."

काकांनी चहावर फुंकर घातली. मग म्हणाले, "चादरी. एका घरात रोज एवढ्या चादरी कशाला वाळतील? एक तर तान्हं मूल, नाहीतर अंथरुणाला खिळलेला माणूस. लंगोट दिसले नाहीत. मग त्या बाई खालून बादल्या नेताना दिसल्या. एका हातात बादली, दुसऱ्या हातात चपला. घसरू नये म्हणून अनवाणी चढायच्या. तेव्हा ठरवलं."

"आणि हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला बघायला?"

त्यांनी चहा खाली ठेवला. "एकोणीस वर्षं झाली. तेव्हा मी झटपट सगळे व्हॉल्व्ह उघडायचो आणि मोकळा व्हायचो. असाच चहा पीत बसलो होतो. समोरच्या जिन्यात एक बाई दोन बादल्या घेऊन चढत होती. आधी बादल्या खाली आल्या. काय आवाज झाला म्हणून सांगू! मग ती आली. खुबा मोडला. चौघांनी दाराच्या फळीवर निजवून नेली. नंतर कायम काठी घेऊन चालायची, मला बघून हसायची. तिला काय माहीत! माझी ड्युटी पुरी झाली होती. पाणी सोडलं होतं. कागदावर माझी काही चूक नव्हती. पण पाणी पोचलं नव्हतं ना, पोरी."

ताईची पोरी कधी झाली, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"त्याच्या आधी मी फक्त खाली बघायचो, चेंबरात. मग वर बघायला लागलो."

"पण मास्तरांच्या गल्लीची बारा मिनिटं?"

"ती शेवटी देतो की! मास्तरांनी सुरुवात मोजली, शेवट कुठे मोजलाय? सगळे बंद करत सतरा नंबरपर्यंत गेलो की परत मागे येतो आणि दहा-अकरा सगळ्यांत शेवटी बंद करतो."

तेव्हा तिला आठवलं. सतरा नंबर झाल्यावर काका रोज "तुम्ही जा कचेरीत, मी येतो मागनं" म्हणायचे. तिला वाटायचं, बिडी ओढायला जात असतील. तिनं वहीच्या मागच्या पानावर गुणाकार मांडला. जाऊन-येऊन दीड किलोमीटर, रोज, चार वर्षं. उत्तर आलं दोन हजार एकशे नव्वद. तिनं पुन्हा करून बघितलं. तेवढंच आलं. कुणाचं एक मिनिट कमी झालं नव्हतं. जे काही जास्त लागलं ते या माणसाच्या पायांनी भरलं होतं. आणि ज्या बाईसाठी तो एवढा चालला, तिचा चेहराही त्यानं धड जवळून पाहिला नव्हता.

त्यानंतर ती नुसते आटे लिहीनाशी झाली. ती त्यांच्याबरोबर बघू लागली. तीन नंबरच्या गल्लीत तळमजल्यावर एक ठार बहिरे आजोबा राहत. नळाला पाणी आल्याचं त्यांना ऐकू यायचं नाही. काका जाता जाता त्यांच्या खिडकीसमोर चावी आडवी धरून हलवत, आजोबा हात वर करत आणि घागर घेऊन उठत. चौदा नंबरला एका बंगल्याची टाकी रोज वाहायची. काका खाली उभे राहून ओरडत, "अहो, टाकीची अंघोळ झाली, आता बंद करा!" आणि तिथला एक आटा कमी करून पुढच्या चाळीला देत. रोज त्याच रस्त्यावरून जात असूनही तिला दिसलं नव्हतं असं केवढं तरी तिथं होतं.

महिन्याभरानं काकांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. पंधरा दिवस चावी तिच्या खांद्यावर आली. पहिल्याच दिवशी तळहातांना फोड आले. वहीत सगळं होतं, त्याप्रमाणे ती करत गेली. आई आता डब्याबरोबर मलमाची डबीही द्यायला लागली.

चौथ्या दिवशी नऊ नंबर उघडून तिनं वर पाहिलं. गॅलरीतली दोरी रिकामी होती. जिन्याच्या तोंडाशी चपलांचा ढीग पडला होता. वरून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज आला, आणि ती काय ते समजली.

चावी हातात धरून ती तशीच उभी राहिली. आता काय करायचं? चादरी नाहीत, म्हणजे बारा मिनिटंही नकोत. हिशोबानं बघितलं तर दहा नंबर आत्ताच उघडायला हवा होता. पण हात पुढे होईना. तिनं काकांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला. "अगं, त्यांच्या डोळ्यावर पट्टी आहे," त्या म्हणत होत्या तोच मागून आवाज आला, "कानावर नाही ना? दे इकडे."

तिनं सांगितलं.

"चपला किती आहेत?" काकांनी विचारलं.

"असतील पंधरा-वीस जोड."

"मग आज वीस मिनिटं ठेव. घरात माणसं जमली की पाणी दुप्पट लागतं. आजच्या दिवशी कुणी त्या बाईच्या हातात बादली देता कामा नये."

"आणि मास्तर?"

"त्यांना जाऊन सांग. खरं आहे तेच सांग."

मास्तर दारातच घड्याळ घेऊन उभे होते. तिनं सगळं सांगितलं. चादरी, चार वर्षं, शेवटची बारा मिनिटं, आणि आज वर काय झालंय ते. मास्तर ऐकत गेले तसे त्यांचे खांदे उतरत गेले.

"शेवट मोजायला हवा होता मी," ते हळू आवाजात म्हणाले. मग त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि गल्लीत एकेक दार वाजवत निघाले. "आज पाणी उशिरा येईल. समोर गमी झालीय. कुणी कुरकुर करायची नाही." शाळेत वर्गाला दम भरत तसाच आवाज. परत येताना ते आणि त्यांचा शेजारी चार-चार खुर्च्या उचलून पिवळ्या इमारतीकडे नेत होते.

त्या दिवशी सतरा नंबरनंतर मागे फिरून ती दहा आणि अकरा बंद करायला गेली. पाय दुखत होते. तरी तिला ते चालणं लांब वाटलं नाही.

पंधरा दिवसांनी काका कामावर आले ते नवा चष्मा लावून, लहान मुलासारखे खूश. नऊ नंबरला पायरीवर बसून त्यांनी स्वतः वर पाहिलं. दोरीवर एक साडी आणि एक टॉवेल वाळत होता.

"बाराची पाच मिनिटं कर," ते म्हणाले.

"एवढ्यात?" तिला ते लागलं.

"एकटीला एक पिंप पुरतं, आणि पाच मिनिटांत एक पिंप भरतं. तेवढी मात्र कायम ठेव, तिला बादली उचलायला लागू नये." मग त्यांनी उत्साहानं तिचा दंड धरला. "आता सोळा नंबरच्या मागे चल. दुसरा मजला. लंगोट आहेत, मी येताना मोजले. सव्वीस! जुळी असणार. तिथं अर्धा आटा वाढवायला पाहिजे."

नकाशा झाला. साहेबांनी तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "नऊ नंबरला पाच मिनिटं थांबायचं, हे कशाला?"

"कारण आहे, साहेब," ती म्हणाली. "पण ते बदलत असतं. ते वर्षातून दोनदा तरी जागेवर जाऊन बघावं लागेल. मी बघीन."

काकांचा निरोपसमारंभ कचेरीतच झाला. साहेब पाच मिनिटं बोलले. शहरातलं कुणी आलं नाही; येणार कसं, काका निवृत्त होतायत हे कुणाला माहीतच नव्हतं. काकांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी नव्या चावीवाल्याला बाजूला घेतलं आणि बहिऱ्या आजोबांची खिडकी कुठली ते पुन्हा एकदा समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती त्या नव्या माणसाबरोबर सतराही चेंबर फिरली. सगळीकडे वेळेवर पाणी आलं. कुणी काही म्हणालं नाही.