शेवटच्या बाकावरचे सर

सर उजवा हात कानामागं धरायचे, वर्गातल्या कोणाकडं तरी बघायचे आणि विचारायचे, “तो काय म्हणाला?” इतिहासाच्या तासाला आम्ही परीक्षेपेक्षा जास्त भ्यायचो ते या तीन शब्दांना.

गोंदियातलं आमचं कॉलेज तेव्हा अगदी नवं होतं. वर्गात मुली आम्ही दोघीच. दर शनिवारी एकानं उभं राहून निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर चर्चा करायची, असा नियम होता. चर्चा कधी झाली नाही. वाचणारा मान खाली घालून वाचायचा, ऐकणारे खिडकीतून राइस मिलचं धुराडं बघायचे, आणि तो बसला की सगळे टाळ्या वाजवायचे.

सर नागपूरकडून आले. लहानपणीच्या विषमज्वरात त्यांचा डावा कान गेला होता आणि उजवाही कमी होत चालला होता. हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतः सांगितलं. मग टेबल सोडून ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. म्हणाले, वाचलेलं मला नीट ऐकू येणार नाही, तेव्हा तुम्हीच मला सांगायचं.

पहिला सापडला एका मिलमालकाचा मुलगा. तो डोळे उघडे ठेवून झोपायचा. निबंध मिठावरच्या करावर होता. सरांनी विचारल्यावर तो गडबडून उठला आणि म्हणाला, “सर, इसने कहा की राजा बडा दयालू था.” वर्ग हसून लोळला. सर रागावले नाहीत. त्यांनी वाचणाऱ्याला शांतपणे सांगितलं, “याच्यापर्यंत पोचलं नाही. कागद खाली ठेव आणि याच्याकडं बघून परत सांग.” त्या बिचाऱ्यानं मिठाचा कर मिलवाल्याला हिंदीतून समजावला. पुढं तोच मिलवाला सगळ्यात जास्त प्रश्न विचारू लागला.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. एका शनिवारी मुर्रीकडच्या एका पोवार शेतकऱ्याच्या मुलानं आपल्या भागातल्या तलावांवर निबंध वाचला. हा मुलगा इतका अबोल की आम्हाला त्याचा आवाजही ठाऊक नव्हता. वाचता वाचता त्यानं कागद बाजूला ठेवला आणि सांगितलं की त्यांच्या गावचा तलाव भरलेला असतानाही मालगुजार शेवटच्या बांध्यांना, म्हणजे टोकाच्या धानाच्या वाफ्यांना, पाणी सोडत नसे. त्या मालगुजाराचा नातू आमच्याच वर्गात होता. तो ताडकन उठला.

“माह्या आजोबाले चोर म्हणून राहिला काय तू?”

“जे झालं ते सांगून राहिलो.”

दोघंही बाकांमधून पुढं सरकले. आम्हाला वाटलं, आता हातघाईवर येणार. सर उठून दोघांच्या मध्ये उभे राहिले. त्यांनी नातवाला सांगितलं, “तुझं उत्तर नंतर. आधी तो काय म्हणाला ते मला सांग. तो ‘हो’ म्हणेपर्यंत तुला सुटका नाही.”

नातवानं घुश्शातच सांगितलं. पोवाराच्या मुलानं नकारार्थी मान हलवली, “असं नाही.” नातवानं पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच ‘नाही’. तिसऱ्यांदा त्याचा आवाज उतरला. “याच्या बांधीतला धान निसवायच्या वेळी वाळला. याची माय तो वाळला धान बैलाले टाकाले कापत होती. तवा तलावात पानी होतं.”

“हो,” पोवाराचा मुलगा म्हणाला. “हेच मनलो मी.”

मग क्रम उलटला. नातवाचं म्हणणं, तलाव त्याच्या पणजोबानं खोदला, दर उन्हाळ्यात त्याच्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती टाकून घेतली. आता तो सरकारचा झाला आणि कोणी ढुंकून बघत नाही. हे सगळं पोवाराच्या मुलाला आपल्या तोंडानं सांगावं लागलं. त्यालाही ते जड गेलं. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

दोघं मित्र झाले असं काही मी म्हणणार नाही. पण दिवाळीनंतर सगळ्या वर्गाला तो तलाव बघायला त्या दोघांनीच नेलं. पाळीवर उभं राहून ते पाणी सोडायच्या तोंडाशी किती गाळ साचला यावर वाद घालत होते. सरांचा उजवा कानही तोवर जवळजवळ गेला होता. मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं विचारलं, “सर, काय बोलताहेत ते सांगू?”

त्यांनी मान हलवली. “राहू दे. बोलताहेत ना दोघं.”

त्या वर्षाअखेर सरांनी नोकरी सोडली आणि ते मुलीकडं जबलपूरला गेले. पुन्हा भेट झाली नाही. मला ते आठवतात ते त्या पाळीवर बसलेले. खाली दोघं पायजमे गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उतरले होते, गाळ उपसत होते, अजून भांडत होते. सर चिवडा खात त्यांच्याकडं बघत होते, आणि त्यांच्या धोतराचं टोक पाण्यात पडून भिजत होतं.