कुठंही गाडा

तेल्हाऱ्याहून पूर्णा नदीच्या अंगाला निघालं, की माती काळी होत जाते आणि पाणी खारट होत जातं. हा खारपाणाचा पट्टा. इथल्या विहिरीवर बादली ठेवली तर तिच्या कडीला पांढरी पापडी धरते, आणि तुरीचं वरण शिजता शिजता दुपार कलते. पाहुणा आला की त्याच्यासाठी गोड पाण्याचा हंडा वेगळा झाकून ठेवायचा, हा तिथला रिवाज. देवमन तेलगोटे त्या मातीत वाढला, आणि बोलू लागला की त्या मातीचा अभिमान त्याच्या बोलण्यात आपसूक यायचा.

आयटीआय करून देवमन वायरमन झाला. गावोगाव शेतातल्या मोटारी जोडायच्या, पिठाच्या गिरण्या जोडायच्या, आणि प्रत्येक ठिकाणी अर्थिंग गाडायचं. वीज चुकून मशीनच्या अंगावर आली, तर ती माणसाच्या देहातून न जाता मुकाट जमिनीत उतरावी, म्हणून जमिनीत पुरलेला हा लोखंडी दांडा. एकदा एका शेतात त्यानं असाच जुना पाइप उपसला. खालचा अर्धा पाइप शिल्लकच नव्हता. उरलेला चघळून टाकलेल्या उसासारखा झाला होता. देवमननं तो सायकलला बांधून घरी आणला.

"हे कायले आनलं घरात?" दुर्गाबाईनं, त्याच्या बायकोनं विचारलं.

"पाय ना. खाऱ्या मातीनं खाल्लं."

"मंग? इथलं पानी आपल्याले खाते, तं लोखंडाले सोडन काय?"

ती हसत आत गेली, पण देवमनच्या डोक्यात ते वाक्य अडकून राहिलं. अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णेच्या पलीकडे एका गल्लीत एक म्हातारे कारागीर भांड्यांना, घोड्याच्या साजाला मुलामा द्यायचे. देवमन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागला. लोखंडाला तांबं कसं धरवायचं, हे त्यानं त्यांच्याकडून शिकून घेतलं. मग जठारपेठेत एका सायकलच्या दुकानामागचा टिनाचा गाळा भाड्यानं घेतला. अशोका विजयादशमीला भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावून, वंदना घेऊन त्यानं पहिला रॉड मुलाम्याच्या टाकीत सोडला. नाव ठेवलं, सुगत अर्थिंग.

ते रॉड टिकले. एका शेतकऱ्याचं पाहून दुसऱ्यानं नेले, दुसऱ्याचं पाहून त्याच्या सोयऱ्यानं. रॉडसोबत क्लॅम्प आले, तांब्याच्या पट्ट्या आल्या, खड्ड्यावरची झाकणं आली. दुर्गाबाई दुपारच्या वेळी बायका जमवून क्लॅम्पचे डबे भरायची. पुढं एमआयडीसीत जागा मिळाली, गावाकडची माणसं कामाला आली, मुलगा ललित हाताशी आला. डब्यावर छापायला काहीतरी वाक्य हवं होतं. देवमननं ते सुचायला फार वेळ घेतला नाही. लाल शाईत छापलं, "कुठंही गाडा, हमी आमची." खारपाणात जे टिकलं ते जगात कुठंही टिकेल, याबद्दल त्याला काडीचीही शंका नव्हती.

ललितचं लग्न झालं आणि भावना घरात आली. ती अमरावतीची, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली. तिनं एक दिवस सासऱ्याला विचारलं, "मामाजी, आपण नुसता माल का विकतो? बसवून पण देऊ ना." आणि तिनंच पहिलं काम आणलं. अमरावतीच्या बाहेर, पोहऱ्याच्या डोंगराकडच्या बाजूला एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह उभं राहिलं होतं. तिथलं सगळं अर्थिंग सुगतचं, माल सुगतचा, माणसंही सुगतची. जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ. देवमननं आपली जुनी माणसं पाठवली. दिवाळी होऊन गेली होती. कामही झपाट्यानं उरकलं.

सरकारी विद्युत निरीक्षकाच्या तपासणीच्या आदल्या दिवशी वसतिगृहावरून भावनाचा फोन आला. तिचा आवाज बसला होता.

"मामाजी, रीडिंग जमत नाही आहे, मातीचा रोध फार येतोय. तिन्ही खड्डे नापास."

"मीटरचा सेल गेला असन."

"सेल नवा टाकला."

"तं वायर सैल असन कोठी."

"मामाजी, तुम्ही या," भावना म्हणाली. एवढंच म्हणाली.

देवमन ललितला घेऊन निघाला. मूर्तिजापूर मागं पडलं, बडनेरा आलं, आणि डोंगराच्या बाजूनं जमिनीचा रंग उतरत गेला. वसतिगृहाच्या मागं पहिल्या खड्ड्याशी तो उकिडवा बसला. मूठभर माती उचलली. त्याच्या गावची माती मुठीत आवळली, की तिच्यावर बोटांचे ठसे उमटतात. ही मूठ उघडली आणि सगळं बोटांमधून गळून गेलं. मुरूम होता तो, तांबूस, खडबडीत, कोरडा. त्यात त्याचा तांब्याचा झळझळीत रॉड हरभऱ्याच्या पोत्यात काडी खुपसावी तसा उभा होता.

चूक काय झाली, हे त्याला तिथंच उमगलं. खारपाणात घण मारून रॉड ठोकायचा, वरून बादलीभर पाणी सोडायचं, आणि घरी जायचं. माती ओली, मिठानं भरलेली, विजेला हसत पोटात घेणारी. कोळसा आणि मीठ यांचे थर द्यावेत असं पुस्तकात लिहिलं आहे, हे त्यालाही ठाऊक होतं. पण कुणी त्याला तसं सुचवलं की तो म्हणायचा, "आमच्या मातीत मीठ टाकू? थोडं काढून नेता येत असन तं न्या, बाप्पा." माणसं हसायची. त्याची सगळी माणसं तशीच शिकली होती. इथं रॉड ठोकून आत जाईना, तर त्यांनी खड्डा खणला, रॉड उभा केला आणि तोच मुरूम परत लोटून वर पाणी सोडलं.

वायरिंगचा ठेकेदार अंकुर तिथंच उभा होता. तरुण, बोलायला मोकळा.

"काका, कायले टेन्शन घेता? उद्या साहेब येतीन. सकाळी तिन्ही खड्ड्यांत मिठाचं पानी सोडतो. रीडिंग फस्ट क्लास येते. मले काय हे नवं हाय?"

ललितही म्हणाला, "बाबा, त्याच्यात खोटं काय हाय? गावात तुमी बी पानीच टाकता ना."

हे बोलणं नेमकं लागलं. कारण ते खरं होतं. देवमन उठला आणि भिंतीच्या सावलीनं चालत राहिला. मागच्या व्हरांड्यात ताडपत्रीखाली लोखंडी कूलर ओळीनं ठेवले होते, खोलीला एक. वऱ्हाडातल्या माणसाला कूलर काय आणि कूलरचा करंट काय, हे सांगावं लागत नाही. टाकीत पाणी, अंगाला पत्रा, ओले हात आणि अनवाणी पाय.

वसतिगृह सांभाळणाऱ्या कौशल्याबाई दारात उभ्या होत्या.

"जयभीम बाई," देवमन म्हणाला. "हे कवा लावता?"

"जयभीम. होळी झाली की लावतो ना. इकडचा डोंगर तापते लय."

"आन तवा पानी?"

"पानी कुठचं, भाऊ? टँकर येते. पोरींच्या आंघोळीले पुरत नाई."

म्हणजे चैत्र-वैशाखात या मुरमात थेंबभर ओल राहणार नव्हती. आणि नेमक्या त्याच महिन्यांत या खोल्यांमधून मुली ओल्या हातांनी कूलरची झडप फिरवणार होत्या. देवमन परत फिरला.

"भावना, साहेबाले फोन लाव. सांग, आमचं जमलं नाई. खड्डे नव्यानं घेतो, मंग या."

ललित चमकला. "बाबा, बाहेरचं पयलंच काम. अन् आपनच म्हनाचं, जमलं नाई?"

"करपलेली भाजी लोनचं म्हनून वाढू काय?"

अंकुरला हसू आवरलं नाही. भावना मात्र खाली मान घालून मीटरच्या वायरी गुंडाळत होती. काम तिनं आणलं होतं. नातेवाइकांत, संस्थेत, तिच्या माहेरच्या गावात तिनं सासरच्या मालाचं कौतुक केलं होतं. देवमनला ते दिसत होतं.

परतीच्या वाटेवर गाडीत देवमन म्हणाला, "भावना, डब्यावरचं थे वाक्य काढून टाक."

"मामाजी, लोक ते वाक्य वाचून डबा उचलतात."

"म्हनूनच काढ."

घरी दुर्गाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि ताट वाढता वाढता म्हणाली, "सौताच्या अंगनाले जग समजले तुमी." देवमननं भाकरी मोडली आणि मान हलवली.

दुसऱ्या आठवड्यात खड्डे नव्यानं खणायला घेतले. या वेळी देवमन स्वतः माणसांमध्ये उभा राहिला आणि सुनेला विचारू लागला, "सांग बाई, किती खोल?" जुनी माणसं एकमेकांकडं पाहू लागली. मालक सुनेला विचारतो, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. भावनानं खोली सांगितली, कोळसा किती, मीठ किती ते सांगितलं. मुरूम बाजूला टाकला आणि त्याच्या जागी अकोल्याकडून ट्रॉलीनं आणलेली काळी माती भरली.

"काका," अंकुर ओरडला, "अकोल्याहून माती आनली? आमच्याकडं मातीचा दुष्काळ हाय काय?"

"हाय," देवमन म्हणाला.

रीडिंग आलं. साहेबांनी कागदावर सही केली. भावनानं दिवसातला पहिला घास त्या संध्याकाळी खाल्ला आणि मग चांगल्या तीन भाकरी खाल्ल्या, असं दुर्गाबाई अजूनही हसून सांगते.

त्यानंतर सुगतची चाल थोडी मंदावली. डब्यावर वाक्य नाही, आणि ऑर्डर देणाऱ्याला आधी प्रश्न, "गाडता कोठी? माती कशी हाय?" काही दुकानदार वैतागले, म्हणाले, आम्ही रॉड घेतो की सोयरीक जुळवतो? पण हळूहळू परतवाड्याकडून, मेळघाटाच्या पायथ्यापासून विचारणा येऊ लागली. तिथल्या दगडासाठी भावनानं भरावाच्या मातीची पोती तयार केली. फॅक्टरीत एक नवीन शेड चढलं. माती चाळायचं यंत्र आलं, तेव्हा गावाकडची माणसं हातातली कामं टाकून ते पाहत उभी राहिली.

वैशाखात देवमन पुन्हा त्या वसतिगृहाकडं निघाला. कुणी बोलावलं नव्हतं. भावना मीटर घेऊन सोबत आली. डोंगर भाजून निघाला होता. सगळे कूलर घुमत होते आणि खोल्यांच्या दारांतून वाळ्याचा ओला वास येत होता. पहिला खड्डा चांगला निघाला. दुसराही. कुंपणाजवळच्या तिसऱ्याचं झाकण उचललं, तर काळी माती सुकून आक्रसली होती, आणि ती अन् मुरूम यांच्यामध्ये सगळीकडून भेग पडली होती; वीज जमिनीत उतरायची वाट तिथं तुटत होती.

भावनानं मीटर पाहिलं. "रोध वाढलाय मामाजी, पण अजून हद्दीत आहे. पास आहे."

देवमननं भेगेत बोट घातलं. पेरापर्यंत आत गेलं. त्यानं शर्ट काढून कुंपणाला टांगला.

"बाई," त्यानं कौशल्याबाईंना हाक मारली, "पावडं असन तं द्या. अन् घडीभर लाइन बंद करा."

"आता? या उन्हात? चहा तं घ्या, भाऊ."

"हे झाल्यावर घेतो."

मेन बंद झालं तसे कूलर एकामागून एक थांबले आणि सगळ्या इमारतीवर दुपार येऊन बसली. मुली पुस्तकं घेऊन, ओढणीनं वारा घेत व्हरांड्यात आल्या. भावनानं गाडीतलं कोळशाचं पोतं आणून फोडलं. सुकलेली ढेकळं वर येऊ लागली. एक पोरगी कठड्यावर वाकून म्हणाली, "काका, किती वेळ? उद्या माझा पेपर आहे, आणि जीव चाललाय इथं गरमीनं."

"करून राहिलो, माय," देवमन खड्ड्यातून म्हणाला. "तू वाच तवरी सावलीत बसून."